रिपोर्ट नॉर्मल आला, तरी तुझं दुखणं खरं आहे

अगं, आधी एक गोष्ट नीट ऐकून घे. लघवीच्या रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ छापून आलं, सोनोग्राफी स्वच्छ आली, म्हणून तुझं दुखणं खोटं ठरत नाही. ओटीपोटात भरून येणारी ती कळ, लघवीला जाऊन आल्यावर घटकाभर मिळणारा आराम, मग पुन्हा तोच ठणका, आणि घर झोपलं की वाढत जाणारा त्याचा जोर. हे सगळं खरं आहे. मलाही हाच त्रास आहे. म्हणून तू फोनवर “काही नाही गं ताई, जरा उन्हाळी लागलीय” म्हणालीस, तेव्हा तुझ्या आवाजावरूनच मला कळलं. उन्हाळी दोन-चार दिवसांत धने-जिऱ्याच्या पाण्याने शांत होते. महिनोन्‌महिने झोप उडवणारं दुखणं म्हणजे उन्हाळी नव्हे, आणि ते अंगावर काढायचंही नसतं.

डॉक्टर याला ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात. जुनं नाव इंटरस्टिशियल सिस्टायटिस. लघवीची पिशवी भरत आली की दुखतं, रिकामी झाली की थोडं उतरतं, सारखं जावंसं वाटतं, आणि जंतू काही सापडत नाहीत. अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेनुसार असा त्रास सहा आठवड्यांहून जास्त चालला आणि दुसरं कारण मिळालं नाही, तर हे निदान करता येतं. युरोपातल्या तज्ज्ञांनी 2008 साली केलेल्या व्याख्येत सहा महिन्यांची मुदत धरली आहे. बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो, पण पुरुषांनाही होतो.

पिशवीला आतून एक संरक्षक अस्तर असतं. अनेक रुग्णांत ते विरळ होतं असं मानलं जातं. मग लघवीतले क्षार आतल्या नसांना झोंबतात, सोललेल्या बोटाला लिंबू लागावं तसे. नसा एकदा चिडल्या की थोड्याशा लघवीलाही ‘भरली, भरली’ असा निरोप मेंदूकडे धाडत राहतात. काहींच्या पिशवीत लालसर व्रण असतात. बाल्टिमोरच्या गाय हनर या स्त्रीरोगतज्ज्ञाने 1915 साली त्यांचं वर्णन छापलं, म्हणून आजही त्यांना हनरचे व्रण म्हणतात. बहुतेकींना मात्र असे व्रण नसतात. दुर्बिणीतून पिशवी जवळजवळ साधीच दिसते, आणि मग बाईला ऐकावं लागतं, “तुमच्या मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका.”

हे फक्त तुला-मला ऐकावं लागलं असं समजू नकोस. अमेरिकेत विकी रॅटनर नावाची मुलगी वैद्यकीय शिक्षण घेत होती, तेव्हा तिला हा त्रास सुरू झाला. डॉक्टर होऊ घातलेल्या त्या मुलीलाही एकामागून एक डॉक्टरांनी परत पाठवलं. तिने वैद्यकाच्या ग्रंथालयात बसून आपला आजार स्वतः शोधला आणि 1984 साली रुग्णांची संघटना उभी केली. पुढे ती हाडांची सर्जन झाली. या आजाराकडे सरकारी संशोधनाचा पैसा आणि डॉक्टरांचं लक्ष वळलं, त्यात त्या संघटनेचा मोठा वाटा आहे. म्हणजे बघ, ज्या बाईने आपल्या दुखण्यावर विश्वास ठेवला, तिच्यामुळे पुढच्या हजारो जणींची वाट सोपी झाली.

आता तुझं बघू. पहिलं काम म्हणजे बाकीची कारणं एकेक करून बाजूला काढणं. हे मनावर घे, कारण सारख्याच लक्षणांमागे फार वेगळे आजार लपलेले असतात. लघवीची साधी तपासणी, कल्चर, रक्तातली साखर, पोटाची सोनोग्राफी आणि लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते त्याचं माप. एवढं तरी व्हायलाच हवं. पिशवीतला खडा याच जागी दुखतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये पाळीच्या आसपास अशीच कळ येते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनाही एकदा दाखव.

आणि आपल्या देशात एक आजार कधीच विसरायचा नाही, तो म्हणजे मूत्रमार्गाचा टीबी. लघवीत पू-पेशी दिसतात, पण नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही; रात्री सारखं उठावं लागतं; पिशवी हळूहळू आक्रसते. घरात कुणाला टीबी झाला असेल, तुला संध्याकाळचा बारीक ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचार, “टीबीसाठी लघवी तपासायची का?” त्यासाठी पहाटेची पहिली लघवी बहुधा सलग तीन दिवस देतात, सीबीनॅट नावाची तपासणीही आहे. टीबी निघाला तर सरकारी कार्यक्रमात औषधं मोफत मिळतात आणि तो बरा होतो. त्याला ब्लॅडर पेन समजून वर्ष घालवलं, तर किडनीचं नुकसान होऊ शकतं.

लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं, दुखलं नाही तरीही, दुर्बिणीची तपासणी टाळू नकोस. तंबाखू, मिश्री, विडी किंवा सिगारेटची सवय असेल तर मुळीच नाही. पिशवीच्या कॅन्सरची सुरुवात अशीही होते, आणि लवकर सापडला तर त्यावर उपाय आहेत. आपल्याकडे संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, त्यासाठी मुंबईला धावायची गरज नाही.

दाखवायचं कुणाला? फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात कर, पण तिथेच अडकून राहू नकोस. दोन-तीन वेळा अँटिबायोटिक घेऊनही फरक नसेल, तर युरोलॉजिस्टकडे चिठ्ठी माग. पैशांची ओढाताण असेल तर घाटीचं सरकारी रुग्णालय आहे. अख्खा मराठवाडा तिथे येतो; केस पेपर काढताना मूत्रविकाराची ओपीडी कोणत्या वारी आणि कोणत्या इमारतीत आहे ते विचारून घे. रांग मोठी असते, सकाळी लवकर जा, सोबत कुणाला तरी ने. मधे लघवीला जावं लागलं तर तो तुझा नंबर धरेल.

मेडिकलवर जाऊन “लघवीच्या जळजळीची गोळी द्या” म्हणणं आजपासून बंद. कल्चरमध्ये जंतू नसताना अँटिबायोटिकचे कोर्स घेऊन हा आजार बरा होत नाही. पोट बिघडतं, अंगावरून पांढरं जाण्याचा त्रास होतो, आणि उद्या खरंच जंतुसंसर्ग झाला तर औषध लागू पडत नाही. लघवीची आग कमी करणारं ते गोड सिरपही बाटल्यामागून बाटल्या स्वतःच्या मनाने घेऊ नकोस, त्यातही बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर नाहीच. मैत्रिणी क्रॅनबेरीचा ज्यूस सुचवतील. तो आंबट असतो, या दुखण्यात उलट झोंबतो.

डॉक्टरांसमोर बसल्यावर आपल्याला नेमकं बोलता येत नाही. लाज वाटते, वेळ कमी असतो, आणि “खूप दुखतं हो” एवढंच तोंडातून निघतं. म्हणून जाण्याआधी तीन दिवसांची वही कर. स्वयंपाकघरातला एक मापाचा प्लास्टिकचा मग लघवीसाठी वेगळा काढ. किती वाजता गेलीस, किती मिली झाली, त्याआधी दुखणं दहापैकी किती होतं, नंतर किती उरलं, काय खाल्लं-प्यायलं, एवढंच लिही. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण 300 ते 400 मिली लघवी सहज मावते. तुझ्या वहीत प्रत्येक वेळी 60, 80, 100 दिसत असेल आणि सोबत दुखण्याचे आकडे असतील, तर डॉक्टरांना सगळं कळतं. उलट रात्री दर वेळी भरपूर लघवी होत असेल आणि दुखत नसेल, तर साखर, पायांवरची सूज किंवा झोपेतला श्वास अडखळणं यांकडे बघावं लागतं. ‘रिपोर्ट नॉर्मल’ या दोन शब्दांसमोर ठेवायला तुझ्याकडे ही वही हवी.

आता रात्रीचं बोलू. सगळ्यात जास्त छळते ती रात्रच.

रात्री हे का वाढतं? दिवसा हात कामात असतात, मन चार ठिकाणी असतं. रात्री मेंदूला दुसरं काही काम नसतं, म्हणून तो त्या एकाच कळेवर ध्यान लावून बसतो. त्यात दिवसभर पाणी कमी प्यायलेलं असतं, त्यामुळे रात्रीची लघवी घट्ट, पिवळी होते आणि जास्त झोंबते. आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेवढंच दुखणं जास्त वाटतं. म्हणजे रात्र सुधारायची तर तयारी सकाळपासून लागते.

पाणी सकाळपासून थोडं थोडं पी. अर्धा पेला, मग थोड्या वेळाने पुन्हा अर्धा. दिवसाकाठी दीड-दोन लिटर, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की थोडं जास्त. लघवी फिकट दिसली पाहिजे, हे सोपं माप. झोपण्याआधी दोन-तीन तास मात्र घोट-दोन घोटांवर थांब. लघवीच्या भीतीने दिवसभर पाणी तोडायचं आणि रात्री तहानेने तांब्याभर प्यायचं, ही आपल्या बायकांची सवय या आजाराला नेमकी वाढवते.

रात्रीचं जेवण आठच्या आत आणि सौम्य. बिछान्यात गेल्यावर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ओटीपोटावर किंवा मांड्यांच्या मधे ठेव. काहींना गारव्याने बरं वाटतं, त्यांनी बर्फाची पिशवी कापडात धरावी. कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घे, किंवा पाठीवर झोपून गुडघ्यांखाली. मग श्वास असा घे की पोट सैल होऊन वर येईल आणि सोडताना खालचं अंग, मांड्या, जबडा सगळं ढिलं पडेल. कळ आली की आपण नकळत सगळं आवळून धरतो, आणि आवळलेला स्नायू स्वतःच दुखायला लागतो. उठावं लागलंच तर मोठा दिवा लावू नकोस, मोबाइल हातात घेऊ नकोस, घड्याळ बघू नकोस. बाथरूमच्या वाटेवर एक छोटा नाइट लॅम्प ठेव, फरशी कोरडी ठेव. बसल्यावर जोर लावू नकोस. लघवी आपोआप येऊ दे.

आणि आपल्या संभाजीनगरातली एक गोष्ट. नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं, तेही कधी ऐन रात्री. धरण पैठणला, जायकवाडीचा नाथसागर एवढा मोठा, आणि गल्लीतल्या बायका रात्री हंडे-ड्रम भरत उभ्या. हे काम काही दिवस दुसऱ्याला दे. नवऱ्याला सांग, मुलाला सांग. झोप मोडून, वाकून भरलेल्या बादल्या उचलल्या की दुसऱ्या दिवशी ओटीपोट आणि कंबर दोन्ही बोलतात. हे सांगण्यात कामचुकारपणा नाही. दम्याच्या माणसाला आपण धुरात बसवत नाही, तितकं ते साधं आहे.

खाण्यापिण्यात प्रत्येकीचा शत्रू वेगळा असतो, म्हणून माझी यादी तू डोळे मिटून घेऊ नकोस. तरी पहिले संशयित ठरलेले आहेत: चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू, मोसंबी-संत्री, टोमॅटो, चिंच, तिखट, दारू आणि साखरेऐवजी वापरायच्या गोड गोळ्या. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना जालन्याची मोसंबी न्यायची पद्धत आहे. प्रेमाने दिलेला तो रस तुला रात्रभर जागवू शकतो. ठेचा, झणझणीत रस्सा, नान-खलियावरची तर्री यांचंही तेच. दोन ते चार आठवडे हे सगळं बंद ठेव. मग एकेक पदार्थ थोडा थोडा परत आण, प्रत्येकाला तीन दिवस दे, वहीत लिही. जो झोंबला नाही तो तुझा. उगाच सगळं सोडून अंगातलं रक्त कमी करून घेऊ नकोस. भाकरी, मुगाची खिचडी, दूध, दुधी, दोडका, भोपळा, काकडी, बटाटा, गोड पेर. एवढं बहुतेकींना मानवतं. दही-ताक काहींना चालतं, काहींना नाही.

नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला जा, पण निर्जळी उपास करू नकोस, आणि उपासाच्या नावाखाली दिवसभर चहावर राहू नकोस. शेजारच्या आपांना हाच त्रास असेल तर रमजानआधी त्यांनाही डॉक्टरांशी बोलायला सांग. पाण्याविना काढलेला दिवस या पिशवीला सोसत नाही, आणि आजारी माणसाला सूट दोन्ही धर्मांत आहे.

पोट साफ राहिलं पाहिजे. बद्धकोष्ठतेने खालच्या स्नायूंवर ताण येतो आणि कळ वाढते. इसबगोल, पपई, भाज्या, जे मानवेल ते घे.

व्यायामाबद्दल एक सावधगिरी. लघवी गळते त्या बायकांना केगल व्यायाम शिकवतात, ते व्हिडिओ बघून तू करायला जाशील. करू नकोस. या दुखण्यात खालचे स्नायू आधीच आखडलेले असतात. त्यांना आणखी आवळायचं नाही, ढिलं करायला शिकवायचं आहे. ते काम करणाऱ्या महिला फिजिओथेरपिस्ट असतात. डॉक्टरांना ‘पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी’साठी विचार. घरी करायचं तर बद्धकोनासनात पाठ टेकून बसणं, पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणं, सावकाश चालणं.

एवढं करूनही दुखणं उरलं तर औषधं आहेत. रात्री घ्यायची ॲमिट्रिप्टिलिनची गोळी फार कमी डोसपासून सुरू करतात. ती मुळात नैराश्याची गोळी, म्हणून चिठ्ठीवर बघून घाबरू नकोस किंवा चिडू नकोस. इथे ती नसा शांत करायला आणि झोप लागायला देतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी गुंगी राहते, पोट घट्ट होऊ शकतं. हृदयाचा त्रास असेल तर आधी सांग. ॲलर्जीवरचं हायड्रॉक्सिझिनही वापरतात. पेन्टोसान नावाचं औषध पिशवीच्या अस्तरासाठी आहे, त्याला गुण यायला काही महिने लागतात. दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम दिसल्याचं 2018 पासून नोंदवलं गेलं, म्हणून ते सुरू करताना आणि नंतरही डोळे तपासून घ्यायचे. बारीक नळीने थेट पिशवीत औषध सोडण्याचीही पद्धत आहे. हनरचे व्रण असतील तर दुर्बिणीतून ते जाळले की बराच आराम पडतो. कोणताही एक उपाय सगळ्यांना लागू पडत नाही, म्हणून एक गोळी चालली नाही की वाट सोडायची नाही. प्रत्येक उपायाला डॉक्टर सांगतील तेवढा वेळ दे, नाही जमला तर पुढचा माग. हा आजार मुळापासून जाईलच असं वचन कुणी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. पण तो आटोक्यात येतो, झोप परत येते, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते.

घरात सांगितलंस का? नवऱ्याला सांग. संबंधांच्या वेळी दुखतं, दुसऱ्या दिवशी आग होते, हेही सांग. तू त्यालाच टाळतेस, हा गैरसमज त्याच्या मनात घर करण्याआधी. आधी लघवी करून येणं, घाई न करणं, अंगावर ताण न येणारी स्थिती, आणि दुखत असेल त्या दिवशी सरळ नकार, यात संसार मोडत नाही. एकदा त्याला डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातल्यांना पटतं. सासूबाईंनाही सांगून बघ. त्यांच्या पिढीने किती जणींचं असं दुखणं मुकाट्याने पाहिलंय, ते तुला त्यांच्याच बोलण्यातून कळेल.

वाळूजला कारखान्यात शिफ्टमध्ये काम असेल तर सुपरवायझरला आजाराचं नाव सांगून डॉक्टरांची चिठ्ठी दे, लाइनवरून उठायची परवानगी माग. पुण्याच्या बसमध्ये कडेची सीट घे, ड्रायव्हर-कंडक्टरला आधीच सांगून ठेव. गुलमंडी-औरंगपुऱ्यात खरेदीला निघालेल्या बायका स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे आपण वर्षानुवर्षं बघतो. मुंबईत बायकांनी 2011 साली ‘राइट टू पी’ मोहीम उभारून याच गोष्टीसाठी महापालिकेला जाब विचारला. आपल्या शहरातही हा प्रश्न नगरसेवकापुढे मांडायला हवा. आजारी बाईला स्वच्छतागृहाची गरज आधी लागते, इतकाच फरक.

काही खुणा मात्र उद्यावर ढकलू नकोस: थंडी वाजून ताप आणि बरगडीखाली पाठीत कळ, लघवीत रक्ताच्या गाठी, लघवी पूर्ण अडकणं, किंवा दिवस गेलेले असताना हा त्रास. लगेच दवाखाना गाठ. घाटीची कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते.

आणि झोपेविना मन खचलं, जगणं नको वाटायला लागलं, तर मला कधीही फोन कर. मला लाजत असशील तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. शरीराचं दुखणं मनापर्यंत पोचतं. म्हणून ते मनातून सुरू झालं असं होत नाही.

उद्यापासून वही सुरू कर. तीन दिवस झाले की केस पेपर काढ, वही टेबलावर ठेव आणि एकच वाक्य बोल: “जंतू सापडले नाहीत, तरी मला दुखतंय, पुढे काय तपासायचं?” उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नकोस. उपचार आहेत, आणि ते मागण्याचा तुला पूर्ण हक्क आहे.